दिल्लीत आपले मंत्री किती, यापेक्षा त्यांच्याकडे खातं कोणतं?

सह्यकडा (धागालेखक)

केंद्रीय मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला की दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक चौकट हमखास येते: महाराष्ट्राला किती? ९ जून २०२४ ला पंतप्रधानांसह ७२ जणांनी शपथ घेतली, तेव्हाही आली. नितीन गडकरी आणि पीयूष गोयल कॅबिनेट मंत्री, प्रतापराव जाधव स्वतंत्र प्रभाराचे राज्यमंत्री, रामदास आठवले, रक्षा खडसे आणि मुरलीधर मोहोळ राज्यमंत्री. एकूण सहा. मागच्या वेळी किती होते, शेजारच्या राज्याला किती मिळाले, याची बेरीज-वजाबाकी झाली की चर्चा संपते. खातेवाटप जाहीर होईपर्यंत लोकांचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. केंद्रात मंत्री असण्याला वजन येतं ते खात्यामुळे, दर्जामुळे आणि ते खातं किती काळ हातात राहिलं यामुळे. चिंतामणराव देशमुख १९५० ते १९५६ अर्थमंत्री होते. इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली १९५५ मध्ये, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं १९५६ मध्ये. आज ज्याचं स्टेट बँकेत खातं आहे किंवा घरात एलआयसीची पॉलिसी आहे, त्याच्या आयुष्याला त्या कारकिर्दीचा स्पर्श झालेला आहे.

मधू दंडवते मार्च १९७७ ते जुलै १९७९ एवढाच काळ रेल्वेमंत्री होते. तेवढ्यात १९७४ च्या संपात बडतर्फ झालेले रेल्वे कर्मचारी परत कामावर आले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंचांची गादी आली. मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस डिसेंबर १९७७ मध्ये वर्गभेद नसलेली गाडी म्हणून सुरू झाली. मुंबईहून गावाकडे रात्रभर फळीवर अंग दुखवत गेलेल्या पिढीला विचारा, त्या गादीचं मोल काय होतं ते. सव्वादोन वर्षांत हे करणारा माणूस एकटा होता की त्याच्याबरोबर आणखी पाच मराठी मंत्री होते, याने काय फरक पडतो?

या धाग्यावर एवढंच करू या: केंद्रातल्या ज्या मराठी मंत्र्यांनी आपल्या खात्यात मागे काहीतरी ठेवलं, त्यांची नावं कामासकट लिहा. मतभेद असतील तर तेही लिहा.

---

नवी_पाटी

सर, धाग्याबद्दल आभार. मी राज्यसेवेची तयारी करतेय, त्यामुळे एक मूलभूत शंका. कलम ७५ प्रमाणे पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि बाकीच्या मंत्र्यांची पंतप्रधानांच्या सल्ल्याने. पण कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री, स्वतंत्र प्रभार हे भेद त्या कलमात कुठेच नाहीत. मग खाती वाटायचा अधिकार येतो कुठून? आणि स्वतंत्र प्रभार म्हणजे कॅबिनेटच्या बरोबरीचंच का?

---

निवृत्त_कक्षाधिकारी

नवी_पाटी, प्रश्न चांगला आहे. माझी उमेदीची वर्षं दिल्लीतल्या मंत्रालयांत फायली हलवण्यात गेली, तेव्हा सविस्तर लिहितो.

अधिकाराचं मूळ कलम ७७ च्या तिसऱ्या खंडात आहे. सरकारचं काम सोयीने चालावं आणि मंत्र्यांमध्ये वाटलं जावं यासाठी राष्ट्रपती नियम करतात. त्यातून १९६१ चे दोन नियमसंच आले. एक कार्यवाटपाचा: कोणतं मंत्रालय, त्यात कोणते विभाग, प्रत्येक विभागाकडे कोणते विषय. दुसरा कार्यपद्धतीचा: कोणता निर्णय मंत्री एकटा घेऊ शकतो, कोणता समितीकडे न्यायचा, कोणता पूर्ण मंत्रिमंडळापुढे. मंत्रिमंडळ सचिवालय हे दोन्ही सांभाळतं. खातेवाटपाचं पत्रक राष्ट्रपती भवनातून निघतं, पण ते पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून.

पंतप्रधानांच्या नावापुढची नोंद कधी तरी नीट वाचा. कार्मिक, अणुऊर्जा, अवकाश ही खाती असतात, सर्व महत्त्वाचे धोरणात्मक विषय असतात, आणि शेवटी कोणालाही न दिलेली सगळी खाती. म्हणजे देशात बिनमालकीचं खातं नसतं.

आता दर्जा. कॅबिनेट मंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीला हक्काने बसतो. स्वतंत्र प्रभाराचा राज्यमंत्री आपल्या मंत्रालयाचा प्रमुख असतो, त्याच्यावर कॅबिनेट मंत्री नसतो, पण बैठकीला त्याच्या खात्याचा विषय असेल तेव्हा बोलावतात. नुसता राज्यमंत्री कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखाली असतो. आणि इथेच लोकांची गफलत होते. राष्ट्रपतींच्या आदेशात फक्त अमुक व्यक्ती अमुक मंत्रालयात राज्यमंत्री एवढंच असतं. त्या मंत्रालयातले कोणते विषय त्याच्याकडे जातील, हे कॅबिनेट मंत्री स्वतंत्र आदेश काढून ठरवतो. आदेशात चार भरीव विषय दिले तर राज्यमंत्री खरोखर काम करतो. नाही दिले तर त्याच्या वाट्याला संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं, उद्घाटनं आणि दौरे.

फाइल कक्षातून निघते, अवर सचिव, उपसचिव किंवा संचालक, सहसचिव, सचिव अशी चढत जाते. राज्यमंत्र्याच्या टेबलावरून ती गेलीच पाहिजे असं प्रत्येक विषयात नसतं. आम्ही नवीन राज्यमंत्री आले की पहिल्यांदा कामवाटपाचा आदेश बघायचो. त्यावरून पुढची वर्षं कशी जाणार याचा अंदाज यायचा.

'कॅबिनेट' हा शब्द मूळ राज्यघटनेत नव्हता हे बरोबर. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो कलम ३५२ मध्ये आला: आणीबाणी लावायची तर कॅबिनेटचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवायला हवा. का आला ते १९७५ आठवलं की समजतं.

---

रोहेवाला

दंडवत्यांचं नाव निघालं आणि राहवलं नाही. आमचं गाव रोह्याच्या जवळ. इथून पुढे रूळ नव्हते, ती परिस्थिती माझ्या वडिलांच्या पिढीने भोगलीय.

कोकण रेल्वेची गोष्ट खात्यांच्या दृष्टीने वाचली की जास्त उलगडते. १९८९ च्या डिसेंबरात व्ही. पी. सिंग यांच्या मंत्रिमंडळात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि दंडवते अर्थमंत्री. एक मंगळूरचा, मुंबईच्या कामगार चळवळीत वाढलेला. दुसरा राजापूरचा खासदार, १९७१ पासून सलग निवडून येणारा. रेल्वे मागणार एक आणि तिजोरी सांभाळणार दुसरा, दोघांचाही जीव याच किनाऱ्यात. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली.

पैसा रेल्वे अर्थसंकल्पातून थेंबथेंब मिळत राहिला असता तर आणखी दोन पिढ्या गेल्या असत्या. म्हणून महामंडळ काढलं. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचे सहा-सहा. बाकीचं भांडवल रोख्यांतून उभं केलं. ई. श्रीधरन अध्यक्ष झाले. जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला. तोपर्यंत दिल्लीत किती सरकारं येऊन गेली मोजा. पण आराखडा असा घालून दिला होता की मंत्री बदलले तरी काम थांबलं नाही.

त्या सरकारचं आयुष्य होतं जेमतेम अकरा महिने! तेवढ्यात हे झालं.

---

वाचनवेडी

सह्यकडा, तुमच्या मुद्द्याशी निम्मी सहमत, निम्मी नाही.

संख्या दुय्यम म्हणणं ज्यांना कधीच जागा मिळाली नाही त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. मंत्रिमंडळात कोण बसतं याला स्वतःचं महत्त्व असतं. आणि खात्याबद्दल बोलायचं तर सुरुवात बाबासाहेबांपासून करायला हवी.

१९४७ च्या पहिल्या मंत्रिमंडळात बाबासाहेब कायदामंत्री होते. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ऑक्टोबरात सविस्तर निवेदन प्रसिद्ध केलं. सगळ्यांना त्यातलं हिंदू कोड बिल आठवतं, आणि ते कारण होतंच. पण पहिलंच कारण त्यांनी खात्याचं दिलंय. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते १९४२ ते १९४६ मजूर आणि सार्वजनिक बांधकाम सांभाळत होते. त्या अनुभवावर त्यांना स्वतंत्र भारतात कायद्याबरोबर नियोजनासारखं प्रशासनाचं खातं हवं होतं. ते कधी मिळालं नाही. इतर मंत्र्यांकडे दोन-दोन, तीन-तीन खाती जात होती, कोणी परदेशी गेलं की त्याचं खातं तात्पुरतं दुसऱ्याकडे जायचं, पण त्यांचा विचार झाला नाही. परराष्ट्र आणि संरक्षण या मंत्रिमंडळ समित्यांवरही त्यांना घेतलं नव्हतं. मंत्रिमंडळ म्हणजे समित्यांनी आधीच घेतलेल्या निर्णयांची नोंद करणारं कार्यालय झालंय, अशी त्यांची तक्रार आहे.

हे निवेदन प्रत्येकाने वाचावं. अर्थशास्त्रात दोन-दोन डॉक्टरेट असलेल्या माणसाला नियोजन मिळालं असतं तर देशाच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेत जमीन आणि श्रम यांबद्दल काय आलं असतं, हा विचार मला सोडत नाही.

तेव्हा, दादा, तुमचं म्हणणं उलट बाजूनेही खरं आहे. माणूस आत घेतला, मोजदादीत आला, आणि खातं मात्र असं दिलं की त्याची सगळी कुवत वापरलीच गेली नाही.

---

सह्यकडा (धागालेखक)

वाचनवेडी ताई, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे. प्रतिनिधित्वाचं महत्त्व मला मान्यच आहे. माझं म्हणणं एवढंच की तिथे थांबू नये.

याच पहिल्या मंत्रिमंडळातले काकासाहेब गाडगीळ. बांधकाम, खाणी आणि वीज हे त्यांचं खातं. फाळणीनंतर जम्मूकडे जाणारा नीट रस्ता भारताच्या हद्दीतून उरला नव्हता. पठाणकोट-जम्मू रस्ता तातडीने बांधून घेण्याचं काम त्यांच्या खात्याने केलं. बांधकाम खातं कागदावर साधं दिसतं, पण १९४७-४८ च्या हिवाळ्यात त्या रस्त्यावर लष्कराची रसद अवलंबून होती.

---

वऱ्हाडी_बाणा

रस्त्यांचं निघालं म्हणून. गडकरी साहेब मे २०१४ पासून रस्ते वाहतूक आणि महामार्ग सांभाळताहेत. एकाच माणसाकडे एकच खातं इतकी वर्षं सलग, ही दिल्लीत फार दुर्मीळ गोष्ट. राष्ट्रीय महामार्गांची लांबी २०१४ मध्ये सुमारे ९१ हजार किलोमीटर होती, २०२३ च्या अखेरीस ती १ लाख ४६ हजारांच्या घरात गेली. यात राज्यांचे अनेक रस्ते राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित झालेत, हे जमेस धरा, तरी काम डोळ्यांना दिसतं. नागपूरहून कोणत्याही दिशेला निघा.

त्यांनी त्याआधी राज्यात १९९५ ते १९९९ सार्वजनिक बांधकाम खातं सांभाळलं होतं, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तेव्हाचा. ज्याला विषयाची जाण आणि आवड आहे त्याला ते खातं देऊन दहा-दहा वर्षं तिथे ठेवलं की काय होतं, याचं हे उदाहरण.

---

रोहेवाला

वऱ्हाडी_बाणा, तुमच्या आनंदात सहभागी आहे, पण आमच्या बाजूला येऊन बघा. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. खातं मराठी माणसाकडे, तोही कामाचा माणूस, तरी हा रस्ता वर्षानुवर्षं रखडला. गणपतीला निघालेल्या माणसांचे या रस्त्यावर जीव गेलेत. यावर माझं मन कठोर आहे.

---

निवृत्त_कक्षाधिकारी

रोहेवाला, तुमचा राग रास्त आहे. फक्त जबाबदारी कशी विभागली जाते ते लिहितो, म्हणजे प्रश्न योग्य ठिकाणी विचारता येईल. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा विषय. पण प्रत्यक्ष काम कधी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण करतं, कधी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा. मुंबई-गोवा मार्गावर पनवेल ते इंदापूर प्राधिकरणाकडे आणि पुढचा मोठा पट्टा राज्याच्या विभागाकडे, अशी वाटणी होती. भूसंपादन राज्याच्या महसूल यंत्रणेकडून होतं. वन आणि अभयारण्याच्या परवानग्या पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीत. ठेकेदार बुडाला की प्रकरण बँकांकडे जातं. मंत्री उत्तरदायी आहेच, संसदेत उत्तर त्यालाच द्यायचं असतं, पण त्याच्या एका सहीने हे सगळे दोर हलत नाहीत.

म्हणून मी म्हणतो की खातं बघताना राज्यघटनेची सातवी अनुसूचीही बघा, केंद्र आणि राज्यांचे विषय तिथे वाटलेत. रेल्वे, संरक्षण, टपाल हे निव्वळ केंद्राचे विषय. तिथे मंत्र्याला मोकळं रान असतं. शेती, सहकार, आरोग्य, पोलीस हे राज्यांचे. तिथे केंद्रीय मंत्री योजना आणि निधी यांच्या जोरावर काम करतो.

---

कृष्णाकाठ

शेती आणि सहकार म्हटल्यावर आमच्या भागातल्या माणसाला लिहायलाच हवं.

शरद पवार साहेब मे २००४ ते मे २०१४ सलग दहा वर्षं कृषिमंत्री. शेती राज्यांचा विषय, तरी हमीभाव, खरेदी, आयात-निर्यात, फळबागांचा राष्ट्रीय कार्यक्रम, २००८ ची कर्जमाफी, असं बरंच काही केंद्रातूनच ठरलं. सुरुवातीला त्यांच्याकडे शेतीबरोबर अन्न, सार्वजनिक वितरण आणि ग्राहक व्यवहारही होते. हा जोड मुळात अवघड. शेतकऱ्याला भाव मिळावा हे एका खात्याचं काम, ग्राहकाला स्वस्त मिळावं हे दुसऱ्याचं, आणि दोन्हीवर सही एकाच माणसाची. कांदा-साखरेचे भाव वाढले की शहरातून शिव्या, पडले की गावातून. जानेवारी २०११ मध्ये अन्न आणि ग्राहक व्यवहार त्यांच्याकडून वेगळे झाले.

माझं ठाम मत आहे की ही दोन खाती एका माणसाकडे असूच नयेत. ओढाताण व्हायचीच असेल तर ती दोन मंत्र्यांमध्ये, मंत्रिमंडळाच्या टेबलावर, उघड व्हावी. एकाच्या मनात झाली तर शेतकऱ्याची बाजू मांडली गेली की नाही हे कोणाला कळणारही नाही.

आता सहकार. जुलै २०२१ मध्ये केंद्रात सहकाराचं स्वतंत्र मंत्रालय झालं आणि ते गृहमंत्री अमित शहांकडे गेलं. तोवर सहकार हा कृषी मंत्रालयातला एक भाग होता. आमच्या साखर कारखान्यांत, जिल्हा बँकांत, दूध संघांत यावर जेवढी चर्चा झाली तेवढी क्वचित कुठे झाली असेल. सहकारी संस्था राज्यसूचीत, पण एकापेक्षा अधिक राज्यांत काम करणाऱ्या संस्था केंद्राच्या कायद्याखाली. गंमत बघा, मंत्रालय स्थापन झालं त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ९७ व्या घटनादुरुस्तीचा राज्यांतल्या सहकारी संस्थांना लागू होणारा भाग रद्द ठरवला, कारण त्याला निम्म्या राज्य विधिमंडळांची मंजुरी घेतली नव्हती. २०२३ मध्ये बहुराज्य सहकारी संस्थांचा कायदा बदलला. सध्या पुण्याचे मोहोळ तिथे राज्यमंत्री आहेत. वर कक्षाधिकारी काकांनी लिहिलंय तसं, त्यांच्याकडे कोणते विषय दिलेत ते बघितलं पाहिजे. राष्ट्रीय सहकार विकास निगमाकडून कारखान्यांना जाणारी कर्जं हा आमच्यासाठी जिव्हाळ्याचा भाग आहे.

---

मांडवीतीर

गोव्याहून नमस्कार. आमची खासदारकीच लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक, त्यामुळे संख्येचा विचार आम्ही कधी केलाच नाही. आमच्यासाठी कायम खातंच महत्त्वाचं.

मनोहरभाई पर्रीकर नोव्हेंबर २०१४ मध्ये थेट मुख्यमंत्रिपदावरून संरक्षणमंत्री झाले. शपथ घेतली तेव्हा ते संसदेचे सदस्य नव्हते, नंतर उत्तर प्रदेशातून राज्यसभेवर गेले. सहा महिन्यांची मुदत घटनेतच आहे. 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' २०१५ मध्ये त्यांच्या काळात जाहीर झालं. मार्च २०१७ मध्ये ते परत गोव्यात आले. त्यांच्या आधी आणि नंतर काही महिने संरक्षण खातं अर्थमंत्र्यांकडेच अतिरिक्त होतं. माझं मन सांगतं की त्यांना पाच वर्षं पूर्ण मिळायला हवी होती. आम्हाला मुख्यमंत्री परत मिळाला, देशाचं मात्र नुकसान झालं. इथे अनेकांना हे पटत नाही, पण मला तसंच वाटतं.

श्रीपादभाऊ नाईकांचं उदाहरण राज्यमंत्रिपदाबद्दल बोलण्यासारखं. वाजपेयींच्या काळापासून ते केंद्रात येऊन-जाऊन आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये आयुष स्वतंत्र मंत्रालय झालं तेव्हा स्वतंत्र प्रभार त्यांच्याकडे होता. नवं मंत्रालय उभं करायला मिळणं मोठ्या मंत्रालयात दुसरं असण्यापेक्षा चांगलं.

आणि एक विसरलेलं नाव: रमाकांत खलप. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, देवेगौडा सरकारात कायदा राज्यमंत्री. महिला आरक्षणाचं विधेयक सप्टेंबर १९९६ मध्ये लोकसभेत पहिल्यांदा मांडलं ते त्यांनी. ते कायद्यात उतरायला २०२३ उजाडलं. पण पहिलं नाव एका छोट्या राज्यातल्या छोट्या पक्षाच्या राज्यमंत्र्याचं आहे!

---

नवी_पाटी

खलपांचं माहीत नव्हतं, लिहून घेतलं.

आघाडी सरकारांत खातं पंतप्रधान ठरवतात की पक्ष? माझ्या टिपणांत दिसतं की अवजड उद्योग खातं पुन्हा पुन्हा शिवसेनेकडे गेलंय: १९९९ मध्ये मनोहर जोशी, २०१४ मध्ये अनंत गीते, २०१९ मध्ये अरविंद सावंत.

---

सह्यकडा (धागालेखक)

कायद्याने पंतप्रधान, व्यवहारात पक्षाशी बोलून. सुरेश प्रभूंचं बघ. वाजपेयी सरकारात २००० पासून ऊर्जामंत्री होते. वीज क्षेत्राची फेररचना करणारं विधेयक त्यांच्या काळात मांडलं गेलं, तेच पुढे २००३ चा वीज कायदा झालं. पण ऑगस्ट २००२ मध्ये त्यांच्या पक्षाने, म्हणजे शिवसेनेने, मंत्री बदलला आणि ते खाली उतरले. पंतप्रधानांना काम पसंत होतं, तरी टिकवता आलं नाही.

अवजड उद्योगाला दुय्यम समजतात, पण विजेवर चालणाऱ्या वाहनांना अनुदान देणारी पहिली 'फेम' योजना एप्रिल २०१५ मध्ये याच मंत्रालयातून आली. तेव्हा मंत्री गीते होते. दुय्यम खात्यात भविष्य दडलेलं असू शकतं, बघणारा हवा.

सध्या संख्येवर मर्यादाही आहे. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने मंत्रिपरिषद लोकसभेच्या १५ टक्क्यांपलीकडे नेता येत नाही, म्हणजे ५४३ च्या सभागृहात पंतप्रधान धरून ८१. घटकपक्षांना खूश करायला वाटेल तेवढी पदं काढता येत नाहीत, हे चांगलंच झालं.

---

साता_समुद्रापार

खात्यांना आता अर्थ उरलाय का, अशी मला शंका आहे. मोठे निर्णय पंतप्रधान कार्यालयात होतात. रेल्वेचं घ्या. स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरेश प्रभूंनी शेवटचा मांडला, पुढच्या वर्षी तो मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला. दंडवत्यांकडे जे हत्यार होतं ते आजच्या रेल्वेमंत्र्याकडे नाही.

---

निवृत्त_कक्षाधिकारी

केंद्रीकरण आहे, नाकारत नाही. आपल्या राज्याने तर ते अगदी जवळून पाहिलंय. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालीच नव्हती. कार्यपद्धतीच्या १९६१ च्या नियमांतला बारावा नियम पंतप्रधानांना गरज पडल्यास नियमांना बगल देण्याची मुभा देतो, मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर घेतली जाते. आणीबाणीच्या प्रसंगासाठी असलेला नियम अशा कामी वापरला गेला, हे मला अधिकारी म्हणून रुचलं नाही.

पण हे आजचंच नाही. वाचनवेडी ताईंनी दिलेली बाबासाहेबांची १९५१ ची तक्रार पुन्हा वाचा. आणि इतकं असूनही, रोजच्या शेकडो निर्णयांत मंत्र्याची सही लागते. कोणत्या विषयाला आधी हात घालायचा, कोणत्या सचिवाचं ऐकायचं, कोणती टिपणी परत पाठवायची, हे मंत्रीच ठरवतो. चांगला मंत्री आला की मंत्रालयाची चाल बदलते, हे मी पाहिलेलं आहे.

---

वाचनवेडी

यशवंतरावांशिवाय हा धागा कसा पुरा होणार? २१ नोव्हेंबर १९६२ ला ते संरक्षणमंत्री झाले, चीनने युद्धविराम जाहीर केला त्याच दिवशी. आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले होते, सैन्याचं मनोबल खचलेलं होतं. 'हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला' हे आपण भाषणात म्हणतो, पण त्यांचं खरं काम त्यानंतरचं: १९६४ पासूनची संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना आणि १९६५ चं युद्ध. मग १९६६ मध्ये गृह, १९७० मध्ये अर्थ, १९७४ मध्ये परराष्ट्र. आज सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीत पंतप्रधानांबरोबर जी चार खाती बसतात, ती चारही त्यांनी सांभाळली.

तरी मला सर्वात जास्त आदर वाटतो तो पद सोडणाऱ्यांबद्दल. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते, निर्णय पटला नाही तर आत राहून विरोध करता येत नाही, बाहेर पडावं लागतं. बाबासाहेब १९५१ मध्ये बाहेर पडले. मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव १९५६ मध्ये अर्थखातं सोडून बाहेर पडले, आणि ते कुलाबा जिल्ह्याचे (आजचा रायगड) खासदार होते हे विसरू नका. जयप्रकाश नारायणांशी बोलणी करा असं उघडपणे सांगितलं म्हणून मोहन धारियांना मार्च १९७५ मध्ये राज्यमंत्रिपद गमवावं लागलं. खात्यात काय केलं याबरोबर कशासाठी सोडलं, हेही आपल्या यादीत हवं.

---

वऱ्हाडी_बाणा

ताई, +१. वसंतराव साठेही घ्या. वर्ध्याचे खासदार, माहिती आणि प्रसारण खातं. रंगीत दूरदर्शन १५ ऑगस्ट १९८२ ला आलं त्यामागे त्यांचा आग्रह होता, चैन म्हणून टीका होत असतानाही.

---

रोहेवाला

कक्षाधिकारी काका, एक कामाचं विचारतो. आमच्या स्थानकावर एक गाडी थांबावी म्हणून गावकऱ्यांचं निवेदन तयार आहे. रेल्वे राज्यमंत्र्यांना पाठवावं, कॅबिनेट मंत्र्यांना, की आणखी कोणाला?

---

निवृत्त_कक्षाधिकारी

मंत्र्यांना प्रत पाठवा, पण मूळ अर्ज तिथे नको. तो खाली चौकशीला येतो आणि महिने जातात. थांब्याचा निर्णय रेल्वे बोर्डाचा असतो, शिफारस त्या मार्गाच्या प्रशासनाकडून जाते. तुमचं स्थानक मध्य रेल्वेच्या हद्दीत असेल तर मुंबईचे विभागीय रेल्वे व्यवस्थापक. रोह्याच्या पुढचं असेल तर कोकण रेल्वे महामंडळ, बेलापूर. महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये संमती दिलेली आहे, तेव्हा पुढे हा पत्ता बदलेल.

निवेदनात भावना कमी आणि आकडे जास्त घाला. तुमच्या स्थानकावरून सध्या रोज किती तिकिटं विकली जातात, जवळच्या ज्या स्थानकावर ती गाडी थांबते तिथे तुमच्या पंचक्रोशीतून किती लोक जातात, कॉलेजची मुलं किती, रुग्ण किती. आकडे माहिती अधिकारात मागवा. मागताना प्रायोगिक थांबा मागा, कायमचा नको. प्रायोगिक थांब्याला मंजुरी लवकर मिळते आणि तिकीटविक्री चांगली झाली की तो चालू राहतो.

मग त्याच निवेदनाची प्रत खासदारांना द्या आणि नियम ३७७ खाली लोकसभेत विषय मांडायला सांगा. त्याचं लेखी उत्तर मंत्रालयाला द्यावं लागतं. ते उत्तर तुमच्या हातात आलं की इथे टाका, त्यातल्या कोणत्या वाक्यावर पुढचं पत्र लिहायचं ते मी सांगतो.